प्रायश्चित्त (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

हा लेख येशू ख्रिस्ताच्या मृत्यूने मानवाचे तारण कसे होते याविषयीच्या ख्रिस्ती सिद्धांताबद्दल आहे. पापकबुलीच्या संस्कारालाही कॅथलिक परंपरेत 'प्रायश्चित्त संस्कार' म्हणतात. तो विषय निराळा आहे.

प्रायश्चित्त हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मध्यवर्ती सिद्धांत आहे. पापामुळे देव आणि मानव यांच्यात निर्माण झालेला दुरावा येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मृत्यूने व त्याच्या पुनरुत्थानाने दूर झाला, ही श्रद्धा या सिद्धांताच्या मुळाशी आहे. येशूचा मृत्यू मानवजातीसाठी झाला आणि त्यातून तारण प्राप्त होते, याविषयी जवळजवळ सर्व ख्रिस्ती संप्रदायांचे एकमत आहे. तो मृत्यू तारण नेमके कसे घडवून आणतो, याविषयी मात्र दोन हजार वर्षांत अनेक उपपत्ती मांडल्या गेल्या. पहिल्या काही शतकांतील सार्वत्रिक धर्मपरिषदांनी त्रैक्य आणि ख्रिस्ताचे स्वरूप यांविषयी काटेकोर व्याख्या निश्चित केल्या. परंतु प्रायश्चित्ताची अशी एकच अधिकृत व्याख्या त्यांनी केली नाही. निकीयाच्या मतांगीकारात येशू मानवांकरिता व त्यांच्या तारणाकरिता आला आणि त्यांच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला, एवढेच म्हटले आहे. त्यामुळे या विषयात मतभिन्नतेला बराच वाव राहिला.

## संज्ञा

मराठी ख्रिस्ती लेखनात या विषयासंबंधी प्रायश्चित्त, तारण, खंडणी, समेट, उद्धार आणि मुक्ती हे शब्द आढळतात. यांपैकी बहुतेक शब्द ख्रिस्ती धर्माच्या आगमनापूर्वीपासून मराठी व संस्कृत भाषांत रूढ होते. त्यांचा मूळ अर्थ आणि ख्रिस्ती अर्थ यांत फरक आहे.

धर्मशास्त्रांमध्ये प्रायश्चित्त म्हणजे पातक करणाऱ्याने स्वतः करावयाचे शुद्धीकरणाचे कृत्य होय. उपवास, जप, दान, तीर्थयात्रा, चांद्रायणासारखी व्रते यांचा त्यात समावेश होतो. ख्रिस्ती सिद्धांतात प्रायश्चित्ताचा कर्ता पापी मनुष्य नसून स्वतः देव किंवा देवाचा पुत्र मानला जातो; पापी मनुष्य ते स्वीकारतो. त्याचप्रमाणे भारतीय दर्शनांत मोक्ष म्हणजे प्रामुख्याने जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, तर ख्रिस्ती धर्मात तारण म्हणजे पाप, मृत्यू व न्यायदंड यांतून सुटका आणि देवाशी पुन्हा जुळलेले नाते होय. 'तारण' हा शब्द 'तरणे' या क्रियेशी संबंधित आहे. व्यवहारातील मराठीत कर्जासाठी ठेवलेल्या हमीच्या वस्तूलाही तारण म्हणतात. धार्मिक अर्थ त्याहून वेगळा आहे. 'खंडणी' या शब्दाचा आजच्या वृत्तपत्रीय मराठीतील अर्थ गुन्हेगारीशी जोडलेला असला, तरी मराठी बायबलमध्ये तो बंदिवानाच्या किंवा गुलामाच्या सुटकेसाठी दिलेले मोल या अर्थाने येतो. याच अर्थी नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत 'लुट्रॉन' हा शब्द आहे.

जुन्या करारातील प्रायश्चित्तवाचक हिब्रू धातू क-प-र असा असून आच्छादणे, पुसून टाकणे, शुद्ध करणे असे त्याचे अर्थ सांगितले जातात. कराराच्या कोशावरील झाकणास याच धातूवरून 'कप्पोरेत' असे नाव होते. मराठी बायबलमध्ये त्यास 'दयासन' म्हटले आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्यासाठी 'हिलास्टेरिऑन' हा शब्द वापरला गेला आणि रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौलाने तोच शब्द येशूला उद्देशून योजला. या शब्दाच्या अर्थावरून विसाव्या शतकात मोठा वाद झाला. ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी त्याचा अर्थ पाप धुऊन काढणे असा केला, तर ऑस्ट्रेलियन अभ्यासक लिऑन मॉरिस यांनी देवाच्या कोपाचे शमन हा अर्थ त्यातून वगळता येत नाही असे प्रतिपादन केले. पहिल्या अर्थी कृतीचा रोख पापावर असतो, दुसऱ्या अर्थी तो देवावर असतो. या भेदावर पुढील अनेक मतभेद अवलंबून आहेत.

## शास्त्राधार

### जुना करार

प्राचीन इस्राएलात होमार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण अशी निरनिराळी अर्पणे विहित होती. लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात वार्षिक प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी वर्णिला आहे. या दिवशी प्रमुख याजक प्रथम स्वतःसाठी व आपल्या घराण्यासाठी गोऱ्ह्याचे अर्पण करी. त्यानंतर दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जात. एक बकरा परमेश्वरासाठी वधला जाई आणि त्याचे रक्त परमपवित्रस्थानात नेऊन दयासनावर व त्याच्यासमोर शिंपडले जाई. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक लोकांची पापे कबूल करी आणि तो बकरा रानात सोडून दिला जाई. रक्तात प्राण असतो आणि म्हणून ते प्रायश्चित्तासाठी दिले आहे, असे कारण याच ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात आढळते.

मिसर देशातील दास्यातून सुटकेच्या रात्री वधलेला वल्हांडणाचा कोकरा हा दुसरा महत्त्वाचा संदर्भ होय. त्याचे रक्त दाराच्या चौकटीस लावलेल्या घरांना मृत्यूने ओलांडले, असे निर्गम या ग्रंथात सांगितले आहे. हा कोकरा पापार्पण नव्हे. तो सुटकेचे चिन्ह आहे. पुढे ख्रिस्ती विचारात या दोन्ही प्रतिमा एकत्र आल्या.

तिसरा संदर्भ यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचा आहे. हा उतारा बावन्नाव्या अध्यायाच्या अखेरीस सुरू होऊन त्रेपन्नाव्या अध्यायात संपतो. इतरांच्या अपराधांमुळे घायाळ झालेला आणि वधावयास नेलेल्या कोकराप्रमाणे मूक राहिलेला हा सेवक कोण, याविषयी यहुदी व ख्रिस्ती अर्थबोध वेगळे आहेत. यहुदी परंपरेत हा सेवक म्हणजे बहुधा इस्राएल राष्ट्र मानले जाते. ख्रिस्ती परंपरेत तो येशू मानला जातो.

जुन्या करारातच बलिदानाच्या विधीवर टीकाही आहे. आमोस, होशेय, मीखा आणि यशया या संदेष्ट्यांनी न्याय व दया यांवाचून केलेली अर्पणे देवाला मान्य नाहीत असे बजावले. एक्कावन्नाव्या स्तोत्रात पश्चात्तापी अंतःकरण हेच खरे अर्पण मानले आहे. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात प्रत्येकजण आपापल्या पापाला जबाबदार असल्याचे तत्त्व मांडले आहे. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमेचे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर तेथील पशुयज्ञ बंद पडले. त्यानंतरच्या यहुदी धर्मात पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म यांना प्रायश्चित्तात प्रधान स्थान मिळाले.

### नवा करार

येशूला यहूदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या कारकिर्दीत (इ.स. २६–३६) वधस्तंभावर मारण्यात आले. वधस्तंभ ही रोमन साम्राज्यातील दास, बंडखोर व हीन समजल्या जाणाऱ्या गुन्हेगारांसाठी राखलेली लज्जास्पद शिक्षा होती. अशा रीतीने मारल्या गेलेल्या व्यक्तीला मशीहा मानणे हे समकालीनांना विपरीत वाटे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हे स्पष्टपणे नमूद केले आहे. या मृत्यूला अर्थ देण्याची गरज आरंभीच्या ख्रिस्ती समाजाला तातडीने भासली. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला हे विधान पौलाने त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात आपल्याला परंपरेने मिळालेले म्हणून दिले आहे. त्यावरून ही समजूत फार लवकर रूढ झाली होती असे दिसते.

नव्या करारात येशूच्या मृत्यूसाठी एकच रूपक नाही. जीवनाच्या निरनिराळ्या क्षेत्रांतून ती घेतलेली आहेत:

- यज्ञवेदी: इब्री लोकांस पत्रात येशू हा प्रमुख याजकही आहे आणि अर्पणही. त्याने एकदाच केलेल्या अर्पणामुळे वारंवार करावयाच्या पशुबलींची गरज उरली नाही, असा या पत्राचा युक्तिवाद आहे.
- गुलामांचा बाजार: मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्यास आल्याचे सांगतो.
- न्यायालय: पौलाच्या रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पापी मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरविला जातो.
- रणांगण: कलस्सैकरांस पत्रात वधस्तंभ म्हणजे दुष्ट सत्ताधिकाऱ्यांवर मिळविलेला विजय आहे.
- दुरावलेले नाते: करिंथकरांस दुसऱ्या पत्रात देवाने ख्रिस्ताच्या द्वारे जगाशी समेट केला असे म्हटले आहे.
- कित्ता: पेत्राच्या पहिल्या पत्रात येशूचे दुःखसहन हे अनुकरणीय उदाहरण म्हणून येते, त्याच उताऱ्यात त्याने इतरांची पापे वाहिली असेही म्हटले आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान येशूला देवाचा कोकरा म्हणतो. या शुभवर्तमानाच्या कालक्रमानुसार येशूचा मृत्यू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी होतो. मत्तय, मार्क व लूक यांच्यानुसार शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते. तपशील भिन्न असले तरी चारही शुभवर्तमानांत या मृत्यूची सांगड वल्हांडण सणाशी घातलेली आहे.

## प्रमुख उपपत्ती

### पुनःसंकलन आणि दैवीकरण

दुसऱ्या शतकातील धर्माचार्य इरेनियस यांनी आदामाच्या अवज्ञेने बिघडलेला मानवी इतिहास ख्रिस्ताने आपल्या आज्ञापालनाने आरंभापासून पुन्हा जगून सावरला, असा विचार मांडला. येथे तारण केवळ मृत्यूतून घडत नाही. देवाच्या मानवदेह धारण करण्यापासून पुनरुत्थानापर्यंतचे सारे जीवन तारक ठरते. चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचे अथनेशियस यांनी हीच दिशा पुढे नेली. मानवाला देवाच्या जीवनात सहभागी करून घेण्यासाठी देव मानव झाला, या विचाराला पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत 'थिओसिस' म्हणजे दैवीकरण असे म्हणतात.

### खंडणी आणि विजय

ऑरिजेन (सु. १८५–२५४) आणि निसाचे ग्रेगरी (सु. ३३५–३९५) यांच्या लेखनात पापामुळे मानव सैतानाच्या ताब्यात गेला आणि त्याच्या सुटकेसाठी ख्रिस्ताचे जीवन मोल म्हणून दिले गेले, असा विचार आढळतो. ग्रेगरींनी गळाला लावलेल्या आमिषाचे रूपक वापरले: मानवी देह हे आमिष आणि त्याआड दडलेले देवत्व हा गळ. सैतानाने आमिष गिळले आणि तो पकडला गेला. त्यांचे समकालीन नाझिआन्झसचे ग्रेगरी यांना मात्र सैतानासारख्या लुटारूला मोल देणे ही कल्पनाच असह्य वाटली. तसेच पित्यानेही असे मोल मागितले असेल हे त्यांना पटले नाही.

स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ गुस्ताफ ऑलेन यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्राचीन विचाराचे पुनर्मूल्यन केले. पाप, मृत्यू व सैतान यांवर ख्रिस्ताने मिळविलेला विजय हाच अभिजात ख्रिस्ती विचार होय, असे त्यांचे मत होते. त्यांच्या ग्रंथाच्या 'क्रिस्टुस व्हिक्टर' या लॅटिन नावानेच ही उपपत्ती आता ओळखली जाते.

### भरपाई

कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म (१०३३–११०९) यांनी १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या 'कुर देउस होमो' म्हणजे 'देव मानव का झाला' या संवादरूप ग्रंथात सैतानाचा मानवावर हक्क होता ही कल्पना नाकारली. त्यांच्या मते ऋण सैतानाचे नसून देवाचे आहे. पाप म्हणजे देवाला देय असलेला मान हिरावून घेणे होय. त्याची भरपाई मानवानेच केली पाहिजे, कारण ऋण त्याचे आहे. परंतु आज्ञापालन हे त्याचे मूळचेच कर्तव्य असल्यामुळे भरपाईसाठी त्याच्याजवळ अधिक काही उरत नाही. एवढी मोठी भरपाई केवळ देवच करू शकतो. म्हणून ती देव व मानव दोन्ही असलेल्या व्यक्तीनेच करणे शक्य होते. निष्पाप असल्यामुळे येशूवर मृत्यूचे बंधन नव्हते. त्याने स्वेच्छेने पत्करलेला मृत्यू हे कर्तव्यापलीकडील अर्पण ठरले. अन्सेल्म यांच्या मांडणीत शिक्षा आणि भरपाई हे परस्परांचे पर्याय आहेत. भरपाई झाली म्हणून शिक्षा टळते; ख्रिस्ताला शिक्षा झाली असे ते म्हणत नाहीत. मान आणि मानभंग यांविषयीच्या मध्ययुगीन सरंजामी कल्पनांची छाया या विचारावर असल्याचे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी भरपाईचा विचार स्वीकारला, पण देवाला दुसरा मार्ग उपलब्धच नव्हता असे मानले नाही. हा मार्ग अनिवार्य नसून सर्वांत उचित होता, असे त्यांनी म्हटले.

### नैतिक प्रभाव

पीटर अबेलार्ड (१०७९–११४२) यांनी रोमकरांस पत्रावरील भाष्यात निरपराध व्यक्तीचे रक्त देवाने मोल म्हणून मागावे हे क्रूर व अन्यायाचे असल्याचे म्हटले. त्यांच्या मते वधस्तंभ हे देवाच्या प्रेमाचे परमोच्च प्रकटीकरण असून ते पाहणाऱ्याच्या अंतःकरणात प्रेम जागे करते आणि हे प्रेमच मानवाला पापातून सोडविते. या उपपत्तीवरील नेहमीचा आक्षेप असा की, बदल केवळ पाहणाऱ्याच्या मनात होत असेल तर जगातील दुष्टतेचे आणि आधीच घडलेल्या अपराधाचे काय झाले, हा प्रश्न शिल्लक राहतो. आधुनिक काळातील उदारमतवादी प्रोटेस्टंट विचारात ही उपपत्ती विशेष प्रभावी ठरली.

### दंडात्मक प्रतिनिधित्व

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळीत न्यायालयाचे रूपक प्रधान झाले. मार्टिन ल्यूथर यांनी विश्वासाच्या द्वारे ख्रिस्ताचे नीतिमत्त्व मानवाकडे आणि मानवाचे पाप ख्रिस्ताकडे जाते, अशा अदलाबदलीची कल्पना मांडली. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या जॉन कॅल्व्हिन यांनी पापाबद्दलचा न्याय्य दंड ख्रिस्ताने आपल्या जागी सोसला, असे सुसूत्रपणे प्रतिपादन केले. अन्सेल्म यांच्याकडे 'भरपाई किंवा शिक्षा' असा पर्याय होता. येथे शिक्षा हीच भरपाई झाली. इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट समाजात आजही ही उपपत्ती सर्वाधिक प्रचलित आहे.

फाउस्टुस सोसिनस (१५३९–१६०४) यांनी तिच्यावर तर्कशुद्ध टीका केली. ऋण पूर्ण फेडले गेले असेल तर क्षमा करावयास काही उरत नाही, आणि देव क्षमा करीत असेल तर फेडीची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आर्थिक ऋण दुसऱ्याला फेडता येते, अपराधाची शिक्षा मात्र हस्तांतरित करता येत नाही, हाही त्यांचा मुद्दा होता. डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस यांनी १६१७ मध्ये सोसिनस यांना उत्तर देताना देवाला ऋणको-धनको व्यवहारातील धनको न मानता राज्यकर्ता मानले. राज्यकर्ता क्षमा करू शकतो. पण कायद्याचा आदर टिकावा यासाठी अपराधाचे गांभीर्य जाहीरपणे दाखवून द्यावे लागते. वधस्तंभाने ते कार्य केले, असे त्यांचे विवेचन आहे. हा विचार 'शासनात्मक उपपत्ती' म्हणून ओळखला जातो.

### आधुनिक विचार

दोन महायुद्धांनंतर देव दुःखात कोठे असतो हा प्रश्न धर्मशास्त्रात तीव्र झाला. जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गन मोल्टमन यांच्या १९७२ च्या ग्रंथात वधस्तंभावर देव स्वतः दुःख सोसतो आणि टाकलेल्यांच्या बाजूस उभा राहतो, असा विचार आहे. फ्रेंच विचारवंत रने जिरार (१९२३–२०१५) यांच्या मते समाज आपला अंतर्गत संघर्ष एखाद्या निरपराधाचा बळी देऊन शमवितो. शुभवर्तमाने बळीचे निरपराधित्व उघड करून ही यंत्रणा निष्प्रभ करतात. भारतात १९८० च्या दशकापासून विकसित झालेल्या दलित ख्रिस्ती धर्मशास्त्रात, विशेषतः अरविंद निर्मळ यांच्या लेखनात, वधस्तंभावरील येशूची अवहेलना आणि दलितांची अवहेलना यांतील नात्यावर भर दिलेला आहे.

## संप्रदायांतील भेद

कॅथलिक. ट्रेंट येथील परिषदेने (१५४५–१५६३) ख्रिस्ताच्या दुःखसहनामुळे मानवाला नीतिमत्त्व लाभते असे घोषित करतानाच, देवाच्या कृपेला मानवाने दिलेला प्रतिसाद आणि संस्कार यांचेही महत्त्व सांगितले. १५६२ मध्ये तिने मिस्सा हा खरा यज्ञ असल्याचे प्रतिपादन केले. वधस्तंभावरील यज्ञ व मिस्सा यांतील याजक आणि अर्पण एकच असून केवळ अर्पणाची पद्धत भिन्न आहे, अशी ही शिकवण आहे.

प्रोटेस्टंट. वधस्तंभावरील अर्पण एकदाच व पूर्णत्वाने झाले असल्यामुळे मिस्सेला यज्ञ म्हणणे बहुतेक प्रोटेस्टंट संप्रदायांनी नाकारले. तारण केवळ कृपेने व केवळ विश्वासाने मिळते, यावर त्यांचा भर आहे. ख्रिस्त कोणासाठी मेला, याविषयी मात्र त्यांच्यात फूट पडली. डॉर्ट येथील धर्मसभेने (१६१८–१६१९) ख्रिस्ताचा मृत्यू सर्वांसाठी पुरेसा असला तरी निवडलेल्यांसाठीच तो परिणामकारक होतो, असे ठरविले. याकोबुस आर्मिनियस यांचे अनुयायी आणि पुढे जॉन वेस्ली यांची मेथडिस्ट चळवळ यांनी तो सर्वांसाठी असून कोणीही त्याचा स्वीकार करू शकतो, असे मानले.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स. या परंपरेत मानवाला आदामाचा अपराध वारशाने मिळतो असे मानले जात नाही. मृत्यू व विकार यांचा वारसा मिळतो असे मानतात. त्यामुळे तारण म्हणजे दंडातून सुटका यापेक्षा आजारातून बरे होणे आणि मृत्यूवर विजय असे समजले जाते. त्यांच्या पुनरुत्थानाच्या प्रतिमाचित्रांत ख्रिस्त अधोलोकाची दारे मोडून आदाम व हव्वा यांना हाताला धरून वर काढताना दिसतो.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी नीतिमान ठरविण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. सोळाव्या शतकातील परस्परांवरील धिक्कार या विषयातील सध्याच्या शिकवणीला लागू होत नाहीत, असे त्यात मान्य करण्यात आले.

ख्रिस्ताचे नाव न ऐकलेल्यांचे तारण होते काय, हा याच सिद्धांतातून उद्भवणारा प्रश्न आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये, स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमानाविषयी अनभिज्ञ राहिलेले पण मनापासून देवाचा शोध घेणारे लोकही तारण पावू शकतात, असे म्हटले. अनेक इव्हँजेलिकल गट मात्र ख्रिस्तावरील स्पष्ट विश्वास आवश्यक मानतात.

## उपासना

येशूच्या मृत्यूचे स्मरण उत्तम शुक्रवारी म्हणजे गुड फ्रायडेला केले जाते. त्यापूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. कॅथलिक मंदिरांत उत्तम शुक्रवारी मिस्सा अर्पण केली जात नाही. दुःखसहनाच्या वृत्तांताचे वाचन, प्रार्थना, क्रूसाची आराधना आणि ख्रिस्तप्रसाद असा विधी होतो. क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने हा उपवासकाळातील लोकप्रिय भक्तिप्रकार आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत या दिवशी येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचने देण्याची प्रथा आहे. प्रभुभोजनात भाकर व द्राक्षारस हे येशूच्या शरीराचे व रक्ताचे प्रतीक किंवा प्रत्यक्ष रूप म्हणून घेतले जातात. यातील कोणता शब्द वापरावा यावरही संप्रदायांत मतभेद आहेत.

## टीका आणि प्रत्युत्तरे

इस्लाममध्ये येशू हा थोर पैगंबर मानला जातो. परंतु कुराणातील सूरा अन्-निसा (४:१५७) मध्ये त्याला क्रूसावर मारले गेल्याचे नाकारले आहे. कोणीही दुसऱ्याच्या पापाचा भार वाहत नाही, हे कुराणातील तत्त्वही प्रायश्चित्ताच्या सिद्धांताशी विसंगत ठरते.

भारतात या विषयावरील पहिला मोठा लेखी वाद राजा राममोहन रॉय आणि सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्यात झाला. रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या नैतिक उपदेशांचा संग्रह प्रसिद्ध केला व चमत्कार आणि सैद्धांतिक भाग वगळला. प्रायश्चित्ताचा सिद्धांत वगळल्यास ख्रिस्ती धर्माचा गाभाच नाहीसा होतो, असा मार्शमन यांचा आक्षेप होता. येशूचे उपदेश मानवाला सुख व शांती देण्यास पुरेसे आहेत आणि अपराध्यांऐवजी निरपराधाला शासन करणे न्यायाच्या कल्पनेशी जुळत नाही, असे उत्तर रॉय यांनी १८२० ते १८२३ दरम्यान लिहिलेल्या तीन निवेदनांतून दिले.

महात्मा गांधी यांनी आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे एका ख्रिस्ती परिचिताशी झालेल्या चर्चेची हकीकत दिली आहे. मानव पापमुक्त होऊ शकत नाही, म्हणून त्याने सारा भार येशूवर टाकावा, असे त्या गृहस्थाचे म्हणणे होते. आपल्याला पापाच्या परिणामांतून सुटका नको असून पापवृत्तीतूनच सुटका हवी आहे, असे गांधींनी त्याला सांगितले. सर्वच ख्रिस्ती लोक असे मानत नाहीत हे आपल्याला ठाऊक होते, असेही त्यांनी तेथे नमूद केले आहे. कृपेमुळे मनुष्य पापाबाबत बेफिकीर होईल काय, हा प्रश्न पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित करून त्याला ठाम नकारार्थी उत्तर दिले आहे.

स्त्रीवादी धर्मशास्त्रातूनही गंभीर आक्षेप आले. जोअॅन कार्लसन ब्राउन आणि रिबेका पार्कर यांनी १९८९ मध्ये, पित्याच्या इच्छेने पुत्राने यातना सोसल्या हे चित्र अत्याचार निमूटपणे सोसण्याला पावित्र्य देते, अशी टीका केली. घरगुती हिंसेला बळी पडलेल्या स्त्रियांना 'आपला क्रूस वाहा' असा सल्ला दिला जातो, तेव्हा सिद्धांताचा प्रश्न पुस्तकी राहत नाही, असा या टीकेचा रोख आहे. या आक्षेपावर दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. इंग्लिश धर्मोपदेशक जॉन स्टॉट यांनी १९८६ च्या ग्रंथातच असे म्हटले होते की, क्रोधी पिता आणि अगतिक पुत्र असे दोन पक्ष कल्पिणे हीच चूक आहे. त्रैक्याच्या सिद्धांतानुसार देवाने दंड स्वतःवरच घेतला. दुसऱ्या बाजूने काही शांततावादी व स्त्रीवादी लेखक दंडाची भाषा पूर्णपणे सोडून येशूच्या मृत्यूकडे त्याच्या न्यायनिष्ठ जीवनाचा परिणाम म्हणून पाहतात.

## मराठी परंपरेत

मराठीत हा विषय प्रथम विस्ताराने आला तो इंग्लिश जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराण' या ओवीबद्ध ग्रंथात. हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासून आदामाच्या पतनाची व तारणाऱ्याच्या प्रतीक्षेची कथा असून दुसऱ्या भागात येशूचे चरित्र, मृत्यू व पुनरुत्थान येते. रचनेची ही चौकट प्रायश्चित्ताच्या सिद्धांतानुसारच आहे. स्वर्गासाठी 'वैकुंठ' यासारखे परिचित शब्द योजून स्टीफन्स यांनी नवा विषय श्रोत्यांच्या भाषेत आणला.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या बायबल-भाषांतरांतून तारण, प्रायश्चित्त, वधस्तंभ इत्यादी संज्ञा मराठी प्रोटेस्टंट लेखनात स्थिर झाल्या. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला विश्वासाने मिळणाऱ्या तारणाचा खरा अर्थ उमगला, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्ताचा स्वीकार करणे यांत त्यांनी भेद केला. पुढे त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर करताना सामान्य स्त्रियांना समजेल अशी भाषा वापरण्याचा आग्रह धरला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अभंगांत येशूचे नाते न्यायालयापेक्षा भक्तिपरंपरेच्या भाषेत व्यक्त होते. ख्रिस्ताला ते माउली म्हणून आळवितात. येशूच्या चरित्रावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपूर्ण राहिले होते. ते लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. टिळकांची पदे महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेत आजही गायिली जातात.